कॉलिन चॅपमन : वजन घटवणारा अभियंता आणि त्या हलकेपणाची किंमत

कोरमंगला (बंगळुरू) : जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकते. ते झुकणे कमी करण्यासाठी मागच्या चाकांमध्ये जाड अँटी-रोल बार बसवावा का, आणि बसवलाच तर तो धरून ठेवणाऱ्या माउंटचे काय करावे? ८० फुटी रस्त्यावरचे गतिरोधक, पावसाळ्यानंतर उघडे पडणारे खड्डे आणि रविवारी पहाटे नंदी टेकड्यांच्या वळणांवर होणारी सफर, या तिन्ही गोष्टी एकाच गाडीला झेपवायच्या असतील, तर हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. तो सुरक्षिततेचाही होतो. या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला, त्याची अत्यंत देखणी उत्तरे शोधणारा आणि काही उत्तरांची जबर किंमत इतरांना मोजायला लावणारा अभियंता म्हणून लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचे नाव घ्यावे लागते.

अँटी-रोल बार ही दिसायला साधी वस्तू आहे. स्प्रिंगच्या पोलादाचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला दांडा, मध्यभागी दोन रबरी बुशांमधून चासीला जखडलेला आणि दोन्ही टोकांना छोट्या दुव्यांनी डाव्या-उजव्या सस्पेन्शनशी जोडलेला. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली तर तो नुसता फिरतो. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की मात्र पिळला जातो आणि गाडीच्या झुकण्याला विरोध करतो. कॅनडातील एका संशोधकाने १९१९ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. दांड्याचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा लावला, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. हा वाढलेला जोर शेवटी येतो तो माउंटवर. दांड्याच्या टोकांमधील अंतर एक मीटर आणि माउंटमधील अंतर अर्धा मीटर असेल, तर प्रत्येक माउंटला टोकावरील जोराच्या दुप्पट जोर सोसावा लागतो. जुन्या गाडीचा गंजलेला पातळ पत्रा तेथेच फाटतो.

जोर कोठून येतो, कोणत्या बिंदूतून शरीरात शिरतो आणि कोठे विसावतो, याचा विचार हेच चॅपमन यांच्या अभियांत्रिकीचे सूत्र होते. मोटारीच्या एकाच भागाकडून दोन-तीन कामे करून घ्यावीत, जे काम करत नाही ते काढून टाकावे आणि उरलेले जितके हलके करता येईल तितके करावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे यश या सूत्रातून आले आणि त्यांच्यावरील आक्षेपही त्याच सूत्रातून उभे राहिले.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातील रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे रेल्वे हॉटेल चालवत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे त्यांनी बांधकामांच्या रचनेचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायलाही शिकले. गणिताचा अखेरचा पेपर पुन्हा द्यावा लागल्याने पदवी वर्षभर उशिरा मिळाली. काही काळ ते रॉयल एअर फोर्समध्ये होते, मात्र तेथील कायमस्वरूपी नेमणूक त्यांनी नाकारली. पुढे ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत इमारतींसाठी ॲल्युमिनियमचा वापर वाढवण्याचे काम त्यांनी केले. पुलांचे आणि छतांचे गणित, विमानातील वजनाची काटकसर आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव, या तीन शिदोऱ्या त्यांना पुढे आयुष्यभर पुरल्या.

विद्यार्थिदशेत ते एका मित्रासह जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करत. युद्धोत्तर काळात पेट्रोलचे रेशन आवळले गेले, जुन्या मोटारींचा बाजार कोसळला आणि तोट्यात माल विकूनही एक ऑस्टिन सेव्हन शिल्लक राहिली. तिचे सांगाडे सोडवून, बांधणी बदलून १९४८ मध्ये त्यांनी स्पर्धेची गाडी उभी केली. तिला नाव दिले लोटस, म्हणजे कमळ. हे नाव का निवडले, ते त्यांनी जाहीरपणे कधी सांगितले नाही. साधारण त्याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी ‘मीरा’ या छोट्या मोटारीच्या प्रयोगात गुंतले होते. कुलकर्णी यांची मोटार बाजारापर्यंत पोहोचू शकली नाही. चॅपमन यांच्या पाठीशी मात्र हौशी शर्यतींचे, सुट्या भागांचे आणि ग्राहकांचे एक संपूर्ण जग होते.

१ जानेवारी १९५२ रोजी वडिलांच्या हॉटेलमागील तबेल्यात लोटस इंजिनिअरिंगची सुरुवात झाली. भांडवल होते ते हेझल विल्यम्स यांनी दिलेल्या २५ पौंडांचे. १९५४ मध्ये त्या चॅपमन यांच्या पत्नी झाल्या आणि कंपनीच्या वाटचालीत अखेरपर्यंत सोबत राहिल्या. सुरुवातीच्या गाड्या सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकल्या जात. त्यामुळे खरेदी कर वाचत असे आणि ग्राहक स्वतःच्या आवारात गाडी जोडत असे. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन हे या परंपरेचे सर्वाधिक टिकलेले फळ. तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमने घेतले आणि त्या घराण्याच्या गाड्या आजही तयार होतात.

सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये चॅपमन यांची पद्धत स्वच्छ दिसते. चाक जागेवर धरण्यासाठी वरच्या बाजूला सामान्यतः दोन भुजांचा त्रिकोणी दुवा लागतो. चॅपमन यांनी एकच भुजा ठेवली आणि दुसऱ्या भुजेचे काम अँटी-रोल बारच्या टोकालाच दिले. एक भाग वाचला, वजन वाचले, खर्च वाचला. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की त्या दांड्याचा माउंट ढिला झाला तर गाडी नुसती जास्त झुकत नाही, चाकाची जागाच हलते. साध्या मोटारीत जो भाग मदतनीस असतो, तो येथे आधारस्तंभ झाला होता.

१९५७ च्या लंडन मोटार प्रदर्शनात आलेल्या लोटस एलीटने सर्वांना थक्क केले. या गाडीला वेगळी चासी नव्हती; फायबरग्लासचे कवच हेच तिचे शरीर आणि तोच तिचा सांगाडा होता. मागच्या चाकांसाठी चॅपमन यांनी एक उंच स्ट्रट योजला होता, जो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. चाकाला फिरवणारा दांडाच चाकाला आडवे धरून ठेवत असे. त्यामुळे कवचाला मोजक्या आणि एकमेकांपासून दूर असलेल्या बिंदूंवर जोर सोसावा लागे. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एलीटने १९५९ ते १९६४ अशी सलग सहा वर्षे आपल्या गटात बाजी मारली. रस्त्यावर मात्र उणिवा उघड्या पडल्या. डिफरन्शियल थेट फायबरग्लासला जोडलेले असल्याने त्याचा आवाज आणि कंप आत पोहोचत असे आणि मागील जोडणीच्या जागा कालांतराने कमकुवत होत. सुमारे हजार एलीट तयार झाल्या, पण त्यांनी कंपनीला नफा दिला नाही.

बंगळुरूच्या वाचकाला फायबरग्लासची मोटार अपरिचित नाही. याच शहरातील सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबरग्लासच्या अंगाची डॉल्फिन बाजारात आणली होती आणि हलकेपणामुळे ती भारतीय मोटार शर्यतींत लोकप्रिय झाली. फरक एवढाच, की डॉल्फिनच्या कवचाखाली पोलादी चासी होती. एलीटमध्ये सारा भार कवचावरच होता.

एलीटपासून मिळालेला धडा १९६२ च्या लोटस एलानमध्ये उतरला. पोलादी पत्र्याची, माणसाच्या कण्यासारखी मधोमध जाणारी पेटी आणि तिच्या दोन्ही टोकांना फुटलेले फाटे, अशी तिची चासी होती. सस्पेन्शनचा सर्व जोर या कण्याला मिळे आणि फायबरग्लासच्या अंगावर त्याचा ताण पडत नसे. येथेही एका भागाची दोन कामे होतीच. पुढच्या आडव्या पेटीत निर्वात जागा साठवून तिच्या जोरावर दिवे वर उचलले जात. पुढे अनेक गाड्यांत ही पेटी गंजली, निर्वात टिकेनासा झाला आणि दिवे खाली मिटू लागले.

एलानची दुसरी शिकवण सस्पेन्शन बदलू पाहणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. रस्त्यावर धावणाऱ्या एलानला मागच्या बाजूला अँटी-रोल बार नव्हता. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, चाकांना वर-खाली होण्यास भरपूर वाव होता आणि शॉकॲब्सॉर्बर नेमके जुळवलेले होते. गाडी वळणावर थोडी झुकत असे, पण टायर रस्ता सोडत नसत. मागचा बार जाड केला की मागील बाहेरच्या टायरवरचा भार वाढतो आणि गाडी वळणात अधिक चटकन आत शिरते; तोच भार मर्यादेबाहेर गेला तर मागची बाजू सुटते. शिवाय एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका दांड्यामार्फत दुसऱ्या चाकालाही बसतो. खराब रस्त्यावर कडक बार हा नेहमीच फायद्याचा सौदा नसतो.

तरीही बदल करायचाच असेल, तर माउंटपासून सुरुवात करावी लागते. ब्रॅकेट वाकत असेल तर दांडा कितीही जाड असो, त्याचा कडकपणा वाकण्यातच खर्च होतो. जोर एका बोल्टभोवती न साठता मोठ्या क्षेत्रावर पसरावा म्हणून पत्र्याच्या मागे पट्टी लावणे, शक्य तेथे बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार देणे, वेल्डिंगपूर्वी गंज पूर्ण काढणे आणि नंतर तडे तपासत राहणे ही पथ्ये आहेत. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांवर बंधने घालते, हेही विसरून चालत नाही.

माउंटची चूक चॅपमन यांच्याकडूनही झाली होती. फोर्डसाठी १९६३ मध्ये आणलेल्या लोटस कॉर्टिनात त्यांनी मागील पानपट्ट्यांची स्प्रिंग काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या आणि मागचा ॲक्सल धरण्यासाठी त्रिकोणी दुवा थेट डिफरन्शियलच्या खाली जोडला. वजन वाचवण्यासाठी डिफरन्शियलचे आवरण ॲल्युमिनियमचे होते. जोराने ते हलू लागले, तेल गळू लागले आणि तेच तेल दुव्याच्या रबरी बुशांत मुरून ते निकामी करू लागले. जिम क्लार्क यांनी याच गाडीने १९६४ मध्ये ब्रिटिश सलून मोटार अजिंक्यपद जिंकले. तरीही १९६५ मध्ये रस्त्यावरील गाडीला साध्या पानपट्ट्यांच्या स्प्रिंगकडे परतावे लागले.

शर्यतींच्या जगात मात्र चॅपमन यांनी युग बदलले. १९६२ मध्ये आलेल्या लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याच्या पेटीसारखे एकसंध शरीर होते. चालक त्यात जवळजवळ आडवा झोपत असे. त्या वर्षीच्या अखेरच्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत, क्लार्क आघाडीवर असताना एक बोल्ट निसटला, तेल गळाले आणि विजेतेपद हातचे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी दहापैकी सात शर्यती जिंकून ते मिळवले. १९६५ मध्ये क्लार्क यांनी पुन्हा जगज्जेतेपद आणि त्यासोबत अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. मागे इंजिन असलेल्या गाडीचा तेथील तो पहिला विजय होता. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचे इंजिन हाच चासीचा मागचा अर्धा भाग झाला आणि मागील सस्पेन्शन थेट इंजिनला जोडले गेले. पदार्पणाच्याच शर्यतीत गाडी जिंकली. १९७८ मध्ये लोटस ७९ ने गाडीखालील हवेच्या दाबाचा उपयोग करून तिला रस्त्याला चिकटवले आणि मारिओ आंद्रेत्ती जगज्जेते झाले. चॅपमन यांच्या हयातीत संघाने सात वेळा उत्पादकांचे आणि सहा वेळा चालकांचे अजिंक्यपद मिळवले.

या यशामागे एक काळी बाजू कायम चालत राहिली. १९६० च्या बेल्जियम ग्रां प्रीच्या सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले; टेलर यांनी नंतर कंपनीविरुद्ध दावा लावून तो जिंकला. १९६९ मध्ये स्पेनमध्ये सस्पेन्शनवर उभारलेले उंच पंख कोसळले आणि ग्रॅहम हिल व योखेन रिंट यांच्या गाड्या एकाच ठिकाणी आदळल्या. लोटसच्या गाड्या फार नाजूक असल्याची चिंता रिंट यांनी पत्राद्वारे चॅपमन यांना कळवली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावादरम्यान रिंट यांचा मृत्यू झाला. तपासात पुढील ब्रेकचा दांडा तुटल्याचे आढळले, तर रस्त्याकडेच्या कठड्याची सदोष बसवणी प्राणघातक ठरल्याचेही समोर आले. इटलीत चॅपमन यांच्यावर खटला चालला आणि त्यात ते निर्दोष सुटले. रिंट यांना त्या वर्षीचे जगज्जेतेपद मरणोत्तर मिळाले. असा मान लाभलेले ते आजवरचे एकमेव चालक आहेत.

या अपघातांची सारी जबाबदारी चॅपमन यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तो काळच शर्यतींसाठी निर्दय होता आणि इतर संघांचेही चालक प्राण गमावत होते. पण हलकेपणा आणि मजबुती यांतील सीमारेषा शोधण्यासाठी ती ओलांडून पाहावी लागते, आणि ती ओलांडली जाते तेव्हा गाडीत बसलेला माणूस दुसराच असतो, हे सत्य त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. क्लार्क यांचा १९६८ मध्ये जर्मनीतील हॉकनहाइम येथे लोटस चालवताना मृत्यू झाला, तेव्हा चॅपमन यांनी जवळचा मित्र गमावला होता आणि ते अंतर्बाह्य हादरले होते.

अखेरची वर्षे वादाची ठरली. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारच्या मदतीने उभारलेल्या डीलोरियन कंपनीची मोटार उत्पादनयोग्य करण्याचे काम लोटसकडे आले होते. ती कंपनी १९८२ मध्ये बुडाली आणि मोठ्या रकमा मधल्या मार्गाने वळवल्याचे उघड झाले. या प्रकरणात लोटसचे अर्थप्रमुख फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे मत न्यायाधीशांनी तेव्हा नोंदवले. मात्र चॅपमन यांना आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले होते.

त्याच दिवशी लोटस संघाने एका नव्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी घेतली. या गाडीचे सस्पेन्शन संगणकाच्या आज्ञेवर चालणारे होते. वळणावर गाडी झुकू लागली की द्रवदाबावर चालणारी यंत्रणा प्रत्येक चाक स्वतंत्रपणे सावरू शकत होती. पोलादाचा पिळणारा दांडा जे काम करतो, ते काम संवेदक आणि संगणक यांच्याकडे सोपवण्याची ती सुरुवात होती. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, या प्रणालीसह आयर्टन सेना यांनी मोनाकोची शर्यत लोटसमधून जिंकली. अनावश्यक भाग काढून टाकण्याचा ध्यास घेतलेल्या अभियंत्याच्या कारखान्यात अखेर अँटी-रोल बारलाही पर्याय सापडला होता; तो जिंकताना पाहायला चॅपमन मात्र उरले नव्हते.